पंधरावं डोकं

ठण्... ठण्... ठण्! आता हा आवाज ऐकल्यावर माणसानं काय करायचं, तुम्हीच सांगा! एकसष्ट साली आमच्या शाळेच्या व्यायामशाळेतल्या, हॉल गरम ठेवणाऱ्या वाफेच्या पाइपांतून तो पहिल्यांदा ऐकला, आणि तेव्हापासून चाळीस वर्षं मी तिथला शिपाई! आवाज आला की उठायचं, कोपऱ्यात जायचं, व्हॉल्व्ह पाव फेरा फिरवायचा... गप्प! झोपेतसुद्धा उठायचो हो! आणि आता गाव म्हणतं, डेल्मर फितूर झाला! अहो, मी तर फक्त व्हॉल्व्ह फिरवायला गेलो होतो!

तुम्हाला सांगतो, मी तसा कमी बोलणारा माणूस. पण दोन दिवस झाले, सकाळी सहाला दारात हॉर्न वाजलेला नाही... हॉर्न माझ्या दोस्ताचा, हार्लनचा. माझी बायको आर्डिस गेली तेव्हापासून रोज यायचा, "ऊठ रे म्हाताऱ्या, कॉफी गार होतेय!" म्हणून ओरडायचा. तो नसता तर मी खुर्चीतच वाळून गेलो असतो.

तर परवा निवड होती. आमच्या आयोवात पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला पेटी नाही, चिठ्ठी नाही. संध्याकाळी शाळेच्या त्याच व्यायामशाळेत जमायचं आणि आपल्या माणसाच्या कोपऱ्यात सगळ्या गावासमोर उभं राहायचं. डोकी मोजतात. शंभरात पंधरा भरली नाहीत, तर कोपरा मोडला! आमच्या कोपऱ्याचा म्होरक्या हार्लन. उमेदवार कसा होता म्हणता? खरं सांगू? हार्लन म्हणाला चांगला आहे, म्हणजे चांगला!

परवा जमलो बरोबर शंभर. पहिल्या मोजणीत आमच्या कोपऱ्यात बारा. मग ओढाओढीला अर्धा तास. हार्लननं दंतवैद्याला ओढलं, कारण त्याच्या दारातला बर्फ हार्लन उपसतो. वैद्याची बायको नवऱ्यावर नजर ठेवायला आली. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाई आल्या, कारण आमच्याकडे एक खुर्ची रिकामी होती. पंधरा! अगदी काठावर! हार्लन माझा खांदा दाबून म्हणाला, "डेल्मर, आता जागचा हलायचं नाही. शिंक आली तर इथंच शिंक."

समोरच्या कोपऱ्यातून माझी सून मार्लिस हाका मारतेय, "बाबा, या ना इकडे! लिंबाच्या वड्या केल्यात तुमच्यासाठी!" मी म्हटलं, "नको गं पोरी." हललो नाही! लिंबाच्या वडीला नाही म्हणालो मी, आहात कुठे!

आणि तेवढ्यात... ठण्... ठण्...

मार्लिसच्याच कोपऱ्यातून! पाय आपोआप चालायला लागले हो! वाकलो, व्हॉल्व्ह फिरवला, आणि पाठीवर थाप पडली... "सत्तेचाळीस!"

"अहो, मी इथला नाही! मी तर फक्त व्हॉल्व्ह फिरवायला..."

मोजणीवर गणिताच्या जुन्या बाई. "डेल्मर, शेवटच्या मोजणीला माणूस जिथं, मत तिथं. नियम तुला माहीत आहे." आणि मार्लिसनं आनंदाच्या भरात अख्खी वडी माझ्या तोंडात कोंबली! सगळ्यांसमोर! भरल्या तोंडानं माणूस काय हरकत घेणार?

त्यात विद्यापीठातून पाहणीला आलेल्या एक बाई, हातात प्रश्नांचा कागद. "काका, ऐन वेळी मत का बदललंत? धर्म? शिक्षण? महागाई? घरच्यांचा दबाव?"

"पाइप."

"म्हणजे उद्योगधंद्यांचं धोरण?"

"अहो नाही हो, पाइप! तो बघा, तो!"

त्यांनी 'इतर'वर खूण केली. त्या कागदावर खुर्चीचा रकाना नव्हता, उपसलेल्या बर्फाचा नव्हता, सकाळच्या हॉर्नचा तर नव्हताच. मग लिहिणार तरी काय बिचाऱ्या?

इकडे जाहीर झालं, हार्लनचा कोपरा चौदा. मोडला!

मी त्याच्याकडे जवळजवळ पळत गेलो. ह्या गुडघ्यांनी! "हार्लन, ऐक रे, अरे मी तर फक्त व्हॉल्व्ह..." त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या हनुवटीवरच्या वडीच्या चुऱ्याकडे पाहिलं. बाहेर उणे वीस अंश थंडी, आणि मी आलेलो त्याच्याच गाडीतून... त्यानं टोपी कानांवर ओढली आणि निघाला. दारापर्यंत त्याच्या बुटांचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

पाइप वाजला नाही. चांगलाच बंद केला होता मी.