बुटकं टेबल

स्कॉटलंडमधल्या पीबल्स गावच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. एफी कमरेत वाकली होती आणि इशबेल तिला दटावत होती.

"सॅमन माशाच्या गळावर पिसांची नकली माशी बांधताना गळ धरणारा टेबलावरचा चिमटा डोळ्यांसमोर हवा गं. तू तर त्याच्यावर ओणवी होतेस."

"टेबलच बुटकं आहे."

"मग चिमट्याखाली ठोकळा ठेव. आणि एक माशी बांधून झाली की उठून केटली चढव. मी तशीच पाठ सांभाळली."

"चहा पिते की मी."

"विषय बदलू नकोस. तुझं टेबल आधी एवढं बुटकं नव्हतं."

"माझ्या वॉटीसाठी टेबलाचे पाय कापून घेतले. व्हीलचेअरमधून त्याचा हात पोचेना. समोरासमोर बसून बांधायचो ना आम्ही."

"ठाऊक आहे. पण वॉटी जाऊन अख्खा हिवाळा उलटला, एफी. आता ठोकळा ठेवायला काय हरकत आहे?"

"ठेवला होता. एकच दिवस."

"मग? दुखलीच ना तरी?"

"नाही गं. पाठ अजिबात दुखली नाही. पण ताठ बसले, तर सारखी त्याची रिकामी खुर्चीच दिसत राहिली."