लोकांची वस्तू

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या बाईंना विद्यापीठातल्या मॅडमनी गाठलं.

"मावशी, तापमान मोजायचं आमचं यंत्र नीट आहे ना?"

"जिवापाड जपलंय हो."

"मग भर उन्हाळ्यात तुमच्या पत्र्याच्या घरात गारवा कसा? सर म्हणतात, तुमच्या गल्लीतल्या छपरांना पांढरा रंग द्यायची गरजच नाही! मी पडले ना तोंडघशी!"

"घरात कुठंय? वाण्याच्या तळघरात ठेवलंय."

"कपाळ माझं! खाटेच्या वर टांगा, शंभरदा सांगितलं होतं!"

"टांगलं होतं की. दुपारी हात लावला तर चटका बसला. लोकांची वस्तू, बिघडली म्हणजे?"

"आणि खाटेवर कोण झोपतं दुपारी?"

"सून. आठवा लागलाय. चक्कर येऊन पडली, म्हणून तर आणलंय."