चौथी खुर्ची

लाँड्रोमॅटमध्ये मशीनमधले कपडे वाळायची वाट बघत बसलेल्या म्हाताऱ्या व्हर्नाच्या कानावर शेजारचं बोलणं पडत होतं. आई उभ्याने घड्या घालत होती, शाळकरी लेक खुर्चीत वही घेऊन बसली होती.

"शाळेत असताना कॉलेजचं समाजशास्त्र कशाला? डोक्याला ताप!"

"अगं आई, शाळेतच शिकवतात. पुढे कॉलेजात क्रेडिट धरतात."

"मग आठवडाभर जेवताना काय खरडत होतीस?"

"तोच अभ्यास. जेवायला कोण कुठे बसतं, ते लिहायचं."

"त्यात काय लिहायचं, कपाळ!"

"एका खुर्चीत बाबा, एकीत कोडीदादा, एकीत मी."

"आणि मी?"

"तू सातही दिवस ओट्यापाशी उभ्यानेच जेवलीस."

"काहीतरीच! चौथी खुर्ची आहे की."

"तिच्यावर घड्या घालायचे कपडे असतात."

आईचे हात थांबले.

व्हर्नाने शेजारच्या खुर्चीवरची आपली टोपली उचलून खाली ठेवली.

"बस की गं जरा."