बिनधुराचा कोळसा

मी मूळची राहुरीकडची, शांता साळवे. आमचे हे केंद्र सरकारच्या ऑफिसात, त्यामुळे सगळा संसार दिल्लीत, आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये झाला, मुलगी तिथेच वाढली, तिला आता उलथनं म्हटलं तर कळत नाही, पलटा म्हणावं लागतं, ते जाऊ दे. हे रिटायर झाल्यावर आम्ही हरियाणात मानेसरजवळच्या गावात छोटं घर घेतलं. आजूबाजूला सगळी सरसोंची शेतं, म्हणजे आपली मोहरी, आणि पीक काढून झालं की उरलेल्या काड्या लोक तिथेच पेटवायचे, यांचा खोकून खोकून जीव जायचा. म्हणून मी त्या काड्यांचा कोळसा करायला शिकले.

अवघड नाही हो. काड्या ड्रममध्ये ठासायच्या, पेटवायच्या, पेट घेतला की झाकण लावून हवा तोडायची, म्हणजे राख न होता कोळसा होतो. तो कुटायचा, मैद्याची खळ घालून मळायचा, वड्या पाडून उन्हात वाळवायच्या. आमच्या गल्लीत फॅक्टरीवाली माणसं एकेका खोलीत राहतात, बाहेरगावची, त्यांना सिलिंडर मिळायची मारामार, ती माझ्याकडून न्यायची. धूर नाही, भांडी काळी होत नाहीत, खूश होती सगळी.

त्यात सुनीता होती, बिहारची, नुकतंच बाळ झालेलं. मी सगळ्यांना सांगते तसं तिलाही सांगितलं होतं, बेटा, अंगीठी बाहर ओटले पे, कमरे में नहीं, आणि ती म्हणाली होती, जी आंटी, बिल्कुल. पण थंडीत तिची सासू आली गावाहून, नातवाला बघायला. सासूला कोण सांगणार?

एके सकाळी ऊन वर आलं तरी सुनीताचं दार बंद, दोरीवर बाळाचे कपडे नाहीत. नवरा पहाटेच ड्यूटीला गेलेला. मी सहज तिकडे बघितलं तर ओट्यावर शेगडीच नव्हती. काय सांगू तुम्हाला, तशीच धावले. दार वाजवलं, वाजवतच राहिले, आतून सासू म्हणाली कौन है, पण अशी, की जीभ जड झालेली, आणि कडी काही तिच्या हाताला सापडेना. मी ओरडले तसा शेजारचा गडी आला, त्याने लाथा घालून दार तोडलं. सुनीता जमिनीवर पडलेली, ओकलेली. बाळ मी उचललं, मान नुसती लोंबत होती, बाहेर आणलं, थंड हवा लागली, तरी रडेना. तेवढा वेळ मी कसा काढला ते देवबापालाच माहीत. मग रडलं.

हॉस्पिटलात ऑक्सिजन लावला, संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, तिघंही वाचली. सासू माझा हात धरून म्हणाली, बहनजी, धुआँ तो था ही नहीं, मैंने सोचा अच्छी चीज़ है. रागाने नाही हो, साधं म्हणाली. लाकडाच्या धुराने डोळे झोंबतात, माणूस आपसूक दार उघडतं. माझ्या कोळशाने ते होत नाही, विषारी वायू मात्र बंद खोलीत कोंडतो, त्याला ना वास ना रंग.

मी ड्रम बंदच केला होता. हे म्हणाले, बास झालं, आराम कर. पण बायका दारात यायला लागल्या, आंटी, लकड़ी कहाँ से लाएँ, आणि त्यांच्यात सुनीतासुद्धा, बाळ कडेवर घेऊन. परत सुरू केलं, पण आता घरातली सगळी माणसं येऊन ऐकल्याशिवाय वडी देत नाही, पाहुणा असला तरी त्यालाही बोलावते.

तरी भीती जात नाही. थंडी पडली की दिवेलागणीला गल्लीतून चक्कर मारते, ओटे बघत. हे म्हणतात, चौकीदार झालीस तू. झाले तर झाले. इथे माणसं टिकत नाहीत हो, काम सुटलं की खोली सोडतात, नवी येतात, उरलेल्या वड्या जाणारे त्यांनाच देऊन जातात, आणि सांगायचं राहतं. त्या कोपऱ्यातल्या खोलीत कालच कुणीतरी आलंय, सामान उतरवताना दिसलं, सोबत म्हातारं माणूस होतं. जाते मी, उजेड आहे तोवर भेटून येते. देव सुखी ठेवो सगळ्यांना, तुम्हालाही.