सात डिस्टिंक्ट

आमच्या टीम लीडचं, गोडबोले सरांचं, सांगतो. बंगळूरच्या त्या ऑफिसात मराठी आम्ही दोघेच, त्यामुळे त्यांचं ज्ञान मला मातृभाषेत मिळायचं.

कंपनीच्या बसने कोण जाणार, ती यादी रोज संध्याकाळी मी कॉम्प्युटरमधून काढतो. ती निघायला इतका वेळ लागायचा की आनेकलच्या बसचे ड्रायव्हर अण्णा वर येऊन ओरडायचे, "स्वल्प फास्ट माडी, सर!" म्हणजे जरा लवकर आटपा, आणि खाली अख्खी बस माझ्या नावाने खडे फोडायची.

शेवटी मी सरांनी लिहिलेली क्वेरी, म्हणजे यादी काढायची आज्ञा, उघडली. आत सात ठिकाणी डिस्टिंक्ट! म्हणजे मशीनला सात वेळा हुकूम, की दुबार आलेली नावं शोध आणि काढून टाक.

म्हटलं, "सर, एका माणसाला एकच नंबर, एकच सीट. नाव दुबार येईलच कुठून?"

"असू दे रे, सेफ्टीसाठी."

"मग सात कशाला?"

"एखादा चुकला तर?"

मी गुपचूप सातही काढले. जुनी आणि नवी यादी ताडून पाहिली, एका नावाचा फरक नाही. आता बटण दाबलं की यादी हजर.

महिन्याभराने बक्षीस समारंभ झाला. "यादी वेगवान केल्याबद्दल, गोडबोले!" मीही टाळ्या वाजवल्या, करतो काय?

बाहेर पडताना भिंतीवरची विजेत्यांची पाटी वाचली. आजच्या ओळीच्या वरच तीन वर्षांपूर्वीची ओळ होती, "यादी बिनचूक केल्याबद्दल, गोडबोले." म्हणजे ते सात घातल्याचं बक्षीसही त्यांनाच!

अख्ख्या कंपनीत डिस्टिंक्टची खरी गरज त्या पाटीवर होती, आणि नेमका तिथेच कुणी घातला नव्हता.