यांच्याकडे उरलेले शब्द

— नाही मॅडम, यांच्यासमोर नको, इथे स्वयंपाकघरातच बसा पाच मिनिटं. काल यांना बोलायचे धडे देताना तुम्ही जे म्हणालात, ते डोक्यातून जाईना. तुम्ही म्हणालात, अर्धांगाचा झटका आला म्हणून सगळे शब्द पुसले जात नाहीत — जे वर्षानुवर्षं वापरले, जीव लावून ऐकले, ते मेंदूत हाताशी, वासाशी, माणसाशी जोडलेले असतात, म्हणून तग धरतात. असंच म्हणालात ना? मग मला सांगा, जन्मभर विमा कचेरीत फायली चाळलेल्या माणसाला 'अस्तर' हा शब्द का आठवावा?

चमच्याचं चित्र दाखवलंत — गप्प. दाराचं — गप्प. माझा फोटो धरलात, तर 'ती... ती... हे' — आणि मी हसले, कारण तुमच्यापुढे रडायचं नव्हतं. मग शर्टाचं चित्र आलं आणि हे घडाघडा बोलले — काज, अस्तर, तुरपाई, बॉबीन. तुम्हाला केवढा आनंद झाला. विचारलंत, घरात शिवणकाम चालायचं का? मी हो म्हणाले. खोटं बोलले. आमच्याकडे शिवणयंत्रच नाही. तुटलेलं बटणसुद्धा कोपऱ्यावरच्या शिवणवाल्या बाईकडे जातं — आणि कोण न्यायचं? हेच. संध्याकाळी, कचेरीतून येताना वाट वाकडी करून. अठरा वर्षं. मी तर बहिणींना सांगायचे, बघा, तुमचे नवरे कपड्यांच्या पिशवीला हात लावत नाहीत, आणि हे — जाऊ दे.

आज सकाळी गेले तिच्याकडे. भांडायला नाही — म्हणजे भांडायलाच गेले होते, पण तोंडातून भलतंच निघालं. म्हटलं, हे बोलायला लागले, अस्तर म्हणतात, काज म्हणतात. तिचं मशीन थांबलं. दुसरी कुणी असती तर विचारलं असतं, हेच शब्द कसे? तिनं नाही विचारलं. म्हणाली, "आणखी काय म्हणतात, ताई?" ताई म्हणाली मला. आणि मी सांगत बसले, मॅडम, एकेक शब्द, तिथं टेबलाला धरून, आणि ती मान खाली घालून टिपं गाळत राहिली. माझ्या नवऱ्यासाठी. माझ्यासमोर.

नको, पाणी नको. मी ठीक आहे.

तुम्ही म्हणता, उरलेल्या शब्दांना धरून बाकीचे परत आणता येतात, त्या शब्दांत रोज कुणीतरी बोलायला हवं. घरी आल्यावर मीच बसले यांच्याजवळ, अस्तर म्हटलं — तर हे असे बघायला लागले, जणू मी परक्याच्या कपाटात हात घातलाय. एकतीस वर्षांच्या संसारात आमचा म्हणून एक शब्द टिकू नये?

म्हणून तिला बोलावलंय, उद्यापासून, रोज चार वाजता. असं बघू नका, मोठेपणा नाही हा. यांना पुरतं बोलता यायला हवंय मला. कुणीही शिकवू दे. मग मी समोर बसून विचारणार आहे, आणि उत्तर मला पूर्ण वाक्यात हवंय.

उद्यापासून तुम्ही नका येऊ. जाताना दार ओढून घ्या.