भटियार ऐकून गप्प बसलेली आळी

मंडळी, चांगलं ऐकून गप्प बसला, त्याला दोष लागतो का? पोथ्या चाळल्या, उत्तर काही धड सापडलं नाही. म्हणून गोष्टच सांगतो. पटली नाही तर सोडून द्या.

वेताळवाडीत अनंतमास्तर तेर्से राहायचे. संगीताचे मास्तर, निवृत्त. एका रविवारी सकाळी रेडिओवर वाद्यवृंद लागला – राग भटियार, थेट प्रक्षेपण. सगळी आळी थबकली. न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला, अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक डोळे पुसतंय!

मास्तरांनी तो टेपवर घेतला. दिवसभरात दहादा ऐकला. दहाव्यांदा पेटीशी ताडून पाहिला – सूर खाली. वाद्यवृंदात एकानं सूर द्यायचा, बाकीच्यांनी आपली वाद्यं त्याला मिळवायची. इथे सूर देणारे क्लॅरिनेटवाले दत्ताराम पाष्टे. मास्तरांनी रेडिओ केंद्राला पत्र टाकलं, ‘ज्याला सूर देता येत नाही, त्याला ठेवू नये.’

चुका काढायला आपल्याला पोस्ट कसं लगेच सापडतं, नाही?

महिन्याभरानं मास्तरीणबाईंनी टेपमध्ये नवे सेल घातले. तोच भटियार लागला. मास्तरांनी पेटीला हात लावला – सूर तंतोतंत.

“अहो, दहादा वाजवून जुने सेल मेले होते,” बाई म्हणाल्या. “शेवटी टेप रडत चालली होती. कान तुमचे, मी काय बोलणार?”

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी एसटीनं केंद्र गाठलं. साहेब म्हणाले, “पाष्ट्यांचं कंत्राट थांबवलंय. थेट कार्यक्रम, आमच्याकडे टेप नाही. हाती होतं ते तुमचं पत्र.”

“आणि बाकीची पत्रं?”

“एकच आलं, मास्तर. तुमचं.”

“अहो, आमची अख्खी आळी रडली होती!”

“मग लिहिलं का नाही कुणी?”

तुम्ही सांगा, तुम्ही तरी लिहिलं असतंत?

मास्तर बाहेर आले, तर बाकावर पाष्टे बसले होते. मांडीवर क्लॅरिनेटची पेटी. रोज येऊन विचारायचे, काही ठरलं का. मास्तरांनी सगळं सांगितलं, दहादा ऐकल्याचंही, आणि पाया पडायला वाकले. पाष्ट्यांनी वरच्या वर धरलं.

“मास्तर, असं करू नका. दहादा ऐकलंत म्हणता. इतकं कोण ऐकतं आम्हाला?”

“चूक माझी आहे. आत्ता लिहून देतो, सहीनिशी.”

मास्तरांनी कागद मागितला, टोपण काढलं. पाष्टे जवळ सरकले. हळूच म्हणाले, “आळीतली माणसं... खरंच रडली?”

“खरंच हो.”

“मग आधी ते लिहा. चुकीचं मागाहून.”

मास्तरांनी तसंच लिहिलं. त्या पत्रावर कंत्राट पुन्हा मिळालं.

मंडळी, माझ्यामागे हे दोघे बसलेत. मृदंगावर नारायणबुवा, पेटीवर शांतारामभाऊ. बारा वर्षं कीर्तनात मला सांभाळून घेतायत, आणि मी स्वतः त्यांना कधी एक शब्द बोललो नाही. आज बोलणार आहे. तुम्हीही उठताना नुसत्या चपला शोधू नका, दोन पावलं पुढे या. माझं राहू द्या, त्यांना सांगा. आणि आता हात जोडा, देवाचं नाव घेऊ या.